पार्श्वभूमी : फाटक असलेली शिंकान्सेन

तोक्योहून निघालेली 'त्सुबासा' ही शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, उत्सुनोमियाच्या पुढे ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठते. फुकुशिमाला ती मुख्य मार्ग सोडून डोंगराकडे वळते आणि थोड्याच वेळात रस्त्यावरची फाटकं ओलांडू लागते. घंटा वाजतेय, दांडा खाली आलाय, पलीकडे शेतावरचा छोटा ट्रक थांबलाय आणि समोरून शिंकान्सेन जातेय, तीही जास्तीत जास्त १३० च्या वेगाने. स्थानकातल्या पाट्यांवर 'यामागाता शिंकान्सेन' असंच लिहिलेलं असतं. कायद्याच्या लेखी मात्र फुकुशिमापासून पुढे ही शिंकान्सेन नाहीच. तो एक जुना साधा लोहमार्ग आहे आणि त्यावरून एक जलद गाडी धावते, एवढंच.

परदेशी पाहुण्याला हा घोळ कळतही नाही. रेल्वेवेड्यांना मात्र तो नेमका ठाऊक असतो, आणि ते कॅमेरे घेऊन जिथे जमतात त्यातल्या बऱ्याच जागा या घोळाच्या सीमेवरच आहेत.

मुळात 'शिंकान्सेन' हे गाडीचं नाव नव्हे. शिन म्हणजे नवा, कान्सेन म्हणजे मुख्य मार्ग. आपण 'बुलेट ट्रेन' म्हणतो तो शब्दही १९६४ च्या आधीचा. १९३९-४० मध्ये तोक्यो ते शिमोनोसेकी असा रुंद रुळांचा नवा मार्ग आखला गेला. त्यावरच्या गाडीला लोक 'दांगान रेश्शा', म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी गाडी म्हणत. शिन-तान्ना बोगद्याचं काम १९४१ मध्ये सुरू झालं आणि युद्धामुळे १९४३ मध्ये थांबलं. तिथल्या मजुरांची वस्ती होती त्या भागाला, कान्नामी गावात, आजही 'शिंकान्सेन' म्हणतात. पहिली गाडी धावण्याच्या वीसेक वर्षं आधीपासून गावातल्या एका वाडीचं हे नाव! निहोनझाका बोगदा तर १९४४ मध्ये पुरा झाला होता. त्या वेळी घेतलेली जमीन आणि खोदलेले बोगदे १९५९ नंतर उपयोगी पडले, म्हणून ५१५ किलोमीटरचा मार्ग साडेपाच वर्षांत उभा राहिला. १ ऑक्टोबर १९६४, ऑलिंपिक, ताशी २१० किलोमीटर ही कथा सर्वांना माहीत आहे.

पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ रुळांमधल्या अंतरात आहे. जपानचे जुने मार्ग १,०६७ मिलिमीटरचे, शिंकान्सेन १,४३५ ची. एकीची गाडी दुसरीवर जाऊ शकत नाही. १९७० च्या कायद्याने व्याख्या केली ती अशी : ज्या मुख्य मार्गाच्या बहुतांश भागात ताशी २०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने गाडी चालवता येते, तो शिंकान्सेन. व्याख्या मार्गाची झाली, गाडीची नाही. १९७३ मध्ये पाच नवे मार्ग कागदावर आले, पण सरकारी रेल्वे कर्जात बुडाली आणि १९८७ मध्ये तिचे तुकडे करून खासगीकरण करावं लागलं.

मग आला १९८८ चा ऑगस्ट. पैसे नाहीत, पण आश्वासनं दिलेली. त्यातून वाहतूक मंत्रालयाने तीन दर्जांच्या शिंकान्सेन काढल्या. पहिली 'फुल', म्हणजे खरी शिंकान्सेन. दुसरी 'मिनी' : जुना मार्ग तसाच ठेवायचा, फक्त रूळ १,४३५ वर आणायचे. तिसरी 'सुपर जलद' : पूल, बोगदे सगळे शिंकान्सेनच्या मापाचे बांधायचे, पण त्यावर रूळ टाकायचे अरुंद. कारुइझावा ते नागानो मिनी, आओमोरीच्या वाटेवरचे दोन तुकडे मिनी, कागोशिमाकडे सुपर जलद, होकुरिकूमध्येही दोन तुकडे सुपर जलद. 'उनागी मागवली तर ताटात अनागो आणि दोजो आले' अशी त्यावर टीका झाली. उनागी ही महागडी वाम. बाकीचे दोन तिच्यासारखे दिसणारे, पण स्वस्तातले मासे.

गंमत पुढेच आहे. या ठरावातली एकही मिनी बांधली गेली नाही. १९९८ चं हिवाळी ऑलिंपिक नागानोला मिळालं आणि तो तुकडा फुल झाला. आओमोरीचे तुकडे फुल झाले. कागोशिमाकडचा सुपर जलद मार्ग काम चालू असतानाच फुल झाला आणि २००४ मध्ये तसाच उघडला. ज्या दोन मिनी प्रत्यक्षात धावतात, यामागाता (१९९२) आणि अकिता (१९९७), त्या या पाच मार्गांच्या यादीत कधी नव्हत्याच. म्हणजे जिथे मिनी देऊ केली तिथे ती नको होती आणि जिथे ती झाली तिथे फुल बांधायचं इतक्यात ठरलंच नव्हतं. स्थानिक नेत्यांनी 'मिनी' हा शब्द अपमानासारखा घेतला, त्याचा परिणाम अजून टिकून आहे. हे थोडं अन्यायाचंच म्हणायला हवं, कारण कारागिरी म्हणून मिनी ही साऱ्या शिंकान्सेनच्या इतिहासातली सर्वांत चतुर तडजोड आहे.

तिचं गणित असं. रूळ रुंद केले तरी जुने बोगदे आणि फलाट तेवढेच राहतात. त्यामुळे डबा २५ ऐवजी २० मीटर लांब आणि ३.३८ ऐवजी साधारण २.९५ मीटर रुंद करावा लागतो. मग शिंकान्सेनच्या मापाच्या स्थानकात डबा आणि फलाट यांत फट पडते. ती भरायला दाराखालून एक पायरी उघडून फलाटापर्यंत येते. तारेतली वीज २५ हजार व्होल्टवरून २० हजारांवर उतरते. इताया खिंडीत हजाराला ३८, म्हणजे २६ ला १ असा चढ आहे. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १, आणि तिथे मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पूर्वी या खिंडीत ओळीने चार स्थानकांवर गाड्या पुढे-मागे करत चढायच्या. त्यातल्या तोगे स्थानकावर थांबणाऱ्या लोकल गाड्यांना फलाटावर उभं राहून मोची (तांदळाची गोड मिठाई) विकण्याची रीत अजून आहे. तिथून त्सुबासा न थांबता निघून जाते.

अकिताकडची मजा आणखी वेगळी. ओमागारीला 'कोमाची' दिशा बदलते. उरलेला प्रवास अर्ध्या तासाचा, म्हणून कुणी खुर्च्या फिरवत नाही; सगळा डबा उलट्या तोंडाने अकिताला पोचतो. ओमागारी ते अकिता दोन रूळमार्ग शेजारी-शेजारी आहेत, एक रुंद आणि एक अरुंद. जिंगुजी ते मिनेयोशिकावा या टप्प्यात तर अरुंद मार्गालाच तिसरा रूळ जोडून दोन्ही मापांच्या गाड्या चालवल्या जातात. मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज एकाच आवारात पाहिलेल्यांना याचं अप्रूप वेगळं सांगायला नको.

मिनीची खरी किंमत फुकुशिमा आणि मोरिओका इथे चुकवावी लागते. त्सुबासा वर्षानुवर्षं जाताना आणि येताना १४ नंबरच्या एकाच फलाटावर लागत आली. तोक्योकडे येणाऱ्या गाडीला त्यासाठी विरुद्ध दिशेचा मुख्य मार्ग आडवा कापावा लागतो. डोंगरात बर्फ साचलं किंवा हरीण आडवं आलं की त्सुबासाला उशीर, फुकुशिमाला तिच्याशी जोडायला थांबलेल्या गाडीला उशीर, आणि मग तोक्योहून उत्तरेकडे जाणारा पूर्ण तोहोकू मार्ग खोळंबतो. हे टाळण्यासाठी वेगळा जोडमार्ग बांधायला घ्यावा लागला.

मोरिओकाला ई-५ जातीची १० डब्यांची 'हायाबुसा' आणि ई-६ जातीची ७ डब्यांची कोमाची जोडली जातात. पाहायचं असेल तर तोक्योकडे जाणाऱ्या फलाटावर १० आणि ११ नंबरच्या डब्यांच्या मध्ये उभं राहावं. हायाबुसा आधी येऊन थांबते, तिच्या नाकाची झाकणं उघडून गाड्या जोडणारा कपलर बाहेर येतो, मग लाल कोमाची मागून येते, अंतर राखून थांबते आणि रांगत पुढे सरकते. आवाज अगदी माफक होतो. २०२४ च्या सप्टेंबरात अशीच जोडलेली गाडी ताशी ३१५ किलोमीटरच्या वेगात असताना सुटली. दोन्ही भाग आपोआप ब्रेक लागून थांबले, कुणाला इजा झाली नाही. कपलर सोडवण्याच्या स्विचमागे धातूचा कीस सापडला. मार्च २०२५ मध्ये पुन्हा एक जोडी सुटली, तेव्हा काही दिवस जोडगाड्याच बंद ठेवल्या गेल्या.

याच वादाची तिसरी पिढी क्यूशू बेटावर सुरू आहे. नागासाकीच्या मार्गावर चाकांमधलं अंतर चालता-चालता बदलणारी गाडी आणायची होती. २०१४ मध्ये चाचणीत ३३ हजार किलोमीटर चालल्यावर धुऱ्याच्या बेअरिंगपाशी झीज आढळली आणि चाचणी थांबली. धुऱ्यावर चाक सरकतं ठेवायचं, तर तिथे किंचित फट हवी. जास्त वेगात तीच फट घर्षणाला कारण होते. दुरुस्त्या होत राहिल्या, पण खर्च साध्या गाडीच्या दुपटीच्या आसपास जाऊ लागला आणि २०१८ मध्ये तो नाद सोडला गेला. २३ सप्टेंबर २०२२ ला ताकेओ-ओनसेन ते नागासाकी एवढीच ६६ किलोमीटरची शिंकान्सेन उघडली, देशातल्या बाकी शिंकान्सेन जाळ्यापासून तुटलेली. फुकुओका शहरातल्या हाकाता स्थानकाहून अरुंद रुळांवरून यायचं, ताकेओ-ओनसेनला त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला उभ्या असलेल्या 'कामोमे'त तीन मिनिटांत शिरायचं. मधला तुकडा सागा प्रांतातला. सागाहून हाकाता आधीच चाळीसेक मिनिटांवर आहे; वाचणार थोडी मिनिटं, खर्चाचा वाटा मात्र उचलावा लागणार आणि जुन्या मार्गावरच्या जलद गाड्या कमी होणार. नागासाकीला हे आडमुठेपण वाटतं. सागाचा हिशेब मात्र चुकीचा म्हणता येत नाही.

मुंबई-अहमदाबाद मार्गावर मिनीसारखी तडजोड करायची सोयच नाही. ५०८ किलोमीटरचा तो मार्ग १,४३५ मिलिमीटरचा, बाकी रेल्वे १,६७६ ची. बांद्रा-कुर्ला संकुलातून निघालेली गाडी ठाणे, विरार, बोईसरच्या पुढे कुठल्याही जुन्या रुळावर उतरणार नाही, आणि वाटेत फाटकही नसेल.

रेल्वेवेड्यांच्या जपानात जाती आहेत : फोटो काढणारे 'तोरि-तेत्सु', नुसते फिरणारे 'नोरि-तेत्सु', मोटरचा आवाज टिपणारे 'ओतो-तेत्सु'. तेत्सु म्हणजे लोखंड. पहिल्या जातीसाठी हिमेजी स्थानक प्रसिद्ध आहे, कारण तिथे न थांबणारी 'नोझोमी' ही सर्वांत जलद गाडी ताशी ३०० च्या आसपास फलाटाजवळून जाते. सेकंदाला ८३ मीटर. १६ डब्यांची ४०० मीटरची गाडी पाच सेकंदांत संपते. शटर १/५०० ठेवलं तर तेवढ्या वेळात गाडी १७ सेंटिमीटर सरकते आणि नाक पुसट होतं. १/२००० ला चार सेंटिमीटर, आणि गाडी तिरकी समोरून घेतली तर त्याहून कमी जाणवतं. पण याच शटरला डब्यावरची एलईडी पाटी अर्धवट, तुटक येते, कारण तिचे दिवे सतत उघडझाप करत असतात. पाटी वाचता यायला हवी असेल तर गाडी थांबलेली असताना १/१०० च्या आसपास यावं लागतं. दोन्ही एकाच फोटोत मिळत नाही. फ्लॅश चालत नाही, तिपाई लावू नये, पिवळी पट्टी ओलांडू नये. फुजी पर्वत गाडीतूनच पाहायचा तर तोक्योहून ओसाकाकडे जाताना 'ई' अक्षराची खिडकी घ्यावी. मिशिमा सोडल्यावर शिन-फुजीच्या आसपास तो उजवीकडे दिसतो, आणि उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्याच्या सकाळी.

पिवळ्या रंगाच्या तपासणी गाडीची, 'डॉक्टर येलो'ची, वेळ कुठे छापत नाहीत. ती साधारण दहा दिवसांनी एकदा धावायची. दिसली तर शकुन चांगला, असं मुलांना सांगतात. रूळ आणि तारा तपासण्याची यंत्रं आता प्रवासी गाड्यांवरच बसवली जात असल्याने तिची गरज संपत आली. दोनपैकी एक गाडी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली, दुसरी २०२७ नंतर जाईल.

हे सगळे चाहते शिंकान्सेनवर निखळ प्रेम करतात असं मात्र नाही. नागानोची शिंकान्सेन उघडली त्याच्या आदल्या दिवशी, ३० सप्टेंबर १९९७ ला, योकोकावा-कारुइझावा हा हजाराला ६६.७ चढाचा घाटमार्ग कायमचा बंद झाला. प्रत्येक गाडीला दोन जोड इंजिनं लावून चढवण्याची तिथली कसरत पाहायला लोक दुरून येत. होक्काइदोला २०१६ मध्ये शिंकान्सेन पोचली तेव्हा आओमोरी-सप्पोरो रात्रगाडी संपली. एकाच माणसाने पहिल्या शिंकान्सेनचं तिकीट आणि शेवटच्या रात्रगाडीचं तिकीट जपून ठेवलेलं असणं यात नवल काही नाही.

५०० जातीची गाडीही आता या दुसऱ्या रांगेत आली आहे. १९९७ मध्ये ताशी ३०० ने धावणारी ही जपानातली पहिली. पंधरा मीटरचं नाक, नळकांड्यासारखं गोल अंग. त्या नाकामुळेच टोकाच्या डब्याला चालकाकडचं दार ठेवता आलं नाही आणि आसनांची मांडणी इतर गाड्यांशी जुळेना. गाड्या उशिरा आल्या की एकीच्या जागी दुसरी लावणं हा तोक्यो-ओसाका या तोकाइदो मार्गाचा प्राण. तिथे ही अडचणीची ठरली. २०१० मध्ये नोझोमीतून ती गेली आणि आठ डब्यांची होऊन प्रत्येक स्थानकावर थांबणारी 'कोदामा' झाली. २०२७ च्या सुमारास तीही जाणार आहे.

तोवर तिच्यात बसायची स्वस्त वाट हाकाता-मिनामी मार्गावर आहे. हाकाता स्थानक ते कारशेड, साडेआठ किलोमीटर. कारशेडभोवती वस्ती वाढली, बसला गर्दीत फार वेळ लागायचा. रिकाम्या गाड्या ये-जा करतातच तर आम्हालाही न्या, अशी मागणी झाली आणि १९९० मध्ये ती मान्य झाली. रूळ शिंकान्सेनचे, गाडी शिंकान्सेनची, कायद्याने मार्ग साधा. दहाएक मिनिटांचा प्रवास, तिकीट तीनशे येनच्या आसपास. सकाळी त्यात शाळेची मुलं आणि ऑफिसला जाणारे बसलेले असतात.