चुनेरी लाल शैवलं आणि प्राचीन समुद्री भित्ती

ज्या लाल शैवलांच्या पेशीभित्तिकेत कॅल्साइट (चुन्याचं खनिज) साठतं ती चुनेरी लाल शैवलं. पेशी मेली तरी सांगाडा जागेवरच राहतो. प्रवाळभित्तीचं सगळं श्रेय प्रवाळाला मिळतं, पण तुटके तुकडे, शिंपले यांच्यावर पापुद्र्यासारखं चढून ते सांधायचं काम याच शैवलांचं, आणि लाटा सगळ्यात जोरात आदळतात त्या कडेवर तर हीच जास्त टिकतात. 1896 ते 1898 मध्ये रॉयल सोसायटीने प्रशांत महासागरातल्या फुनाफुटी कंकणद्वीपावर 300 मीटरच्या खाली बोअर नेला, त्यातल्या दगडात भित्ती बांधणाऱ्यांमध्ये पहिला नंबर लिथोथॅम्नियम या चुनेरी लाल शैवलाचा लागला, प्रवाळ चौथा.

ही वनस्पती की प्राणी यावर खूप वाद झाला. लिनियसने त्यांना प्राण्यांत टाकलं, लामार्कने छिद्रं दिसत नाहीत म्हणून नलिपोर (बिनछिद्री) म्हटलं, 1837 मध्ये फिलिपीने वनस्पती ठरवून लिथोथॅम्नियम आणि लिथोफायलम ही नावं दिली, आणि 1858 मध्ये उंगरने व्हिएन्नाजवळच्या मायोसीन काळातल्या (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) लाइथा चुनखडकातले नलिपोर म्हणजे वनस्पतीच हे दाखवलं. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये हाच दगड वापरलाय.

वंश किती जुना, हा प्रश्न जास्त अवघड. ऑर्डोव्हिशियन काळातली (सुमारे 48 ते 44 कोटी वर्षांपूर्वीची) सोलेनोपोरा ही जीवाश्म प्रजाती बरीच वर्षं पूर्वज मानली जायची, पण 2004 मध्ये रायडिंगने तिची मूळ एस्टोनियातली प्रजाती कीटेटिड स्पंज (चुन्याचा सांगाडा बांधणारा स्पंज, म्हणजे प्राणी) असल्याचं मांडलं आणि ते जास्त पटण्यासारखं आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या ‘सोलेनोपोरा भित्ती’ सरसकट शैवलांच्या धरू नयेत. कार्बोनिफेरस काळातलं (सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचं) आर्किओलिथोफायलम हे शैवल त्यामानाने भरवशाचं, कॅन्ससच्या चुनखडकात ते भरपूर सापडतं. आजच्या गटाची खरी शैवलं साधारण क्रिटेशस काळाच्या (सुमारे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी) सुरुवातीपासून दिसतात आणि मायोसीनमध्ये ती इतकी माजतात की माल्टातल्या थरांना कोरॅलाइन लाइमस्टोन असंच नाव पडलं.

ओळखायला दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करतात. मायक्रोस्कोपखाली बारीक जाळीसारख्या पेशींच्या रांगा आणि मधेमधे भिंगाच्या आकाराची पोकळी दिसते, ती पोकळी म्हणजे बीजाणूंची खोली, आणि प्रजाती ठरवताना बरीच भिस्त तिच्यावरच असते.

भारतात तिरुचिरापल्लीच्या क्रिटेशस थरांतल्या जीवाश्म शैवलांवर भूवैज्ञानिक एल. रामा राव आणि जीवाश्मतज्ज्ञ पिया यांनी 1936 मध्ये लिहिलं. मेघालयातल्या सिल्हेट चुनखडकातही ही शैवलं आहेत.