पंच्याऐंशी टक्के, पण कशाचे?

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर दोन बातम्या हमखास दिसतात. एक, 'जिल्ह्यात क्षयरुग्णांच्या संख्येत चिंताजनक वाढ'. दुसरी, 'क्षयरोग उपचारांना इतके टक्के यश'. पहिली वाचून आपण घाबरतो, दुसरी वाचून निर्धास्त होतो. मला विचाराल तर दोन्ही वेळा घाईच होते.

पहिल्या बातमीतला आकडा असतो नोंदणीचा, म्हणजे निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत जितके रुग्ण चढले तितके. तालुक्याला टीबी तपासणारं, गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र आलं, आशाताई घरोघर फिरल्या, खासगी डॉक्टर (नोंद देणं २०१२ पासून सक्तीचं असूनही) एकदाचे नोंदी द्यायला लागले, की हा आकडा वर जातो. उलटंही घडतं. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख लोकांचा टीबी काही टाळेबंदीला घाबरून पळाला नाही. माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत.

मग रोग खरंच घटतोय का, हे कळायचं कसं? दारोदार जाऊन. तमिळनाडूतल्या तिरुवल्लूर जिल्ह्यात चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रानं हे काम फार चिकाटीनं केलं. १९९९ मध्ये तिथे डॉट्स, म्हणजे समोर बसवून औषध देण्याची पद्धत, सुरू झाली आणि त्याच सुमारास पहिली पाहणी झाली. निवडलेल्या गावांतल्या पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला खोकल्याबद्दल विचारायचं, छातीचा एक्स-रे काढायचा, संशय आला की थुंकीचे दोन नमुने घ्यायचे. थुंकीच्या एका मिलीलिटरमध्ये निदान पाच-दहा हजार जंतू असतील तरच ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. म्हणून नमुना कल्चरलाही लावायचा. अंडी घालून केलेलं हिरवट माध्यम बाटलीत तिरकं गोठवलेलं असतं; त्यावर थुंकीतले जंतू सोडायचे आणि आठ आठवड्यांपर्यंत वाट बघायची. खरबरीत, फिकट पिवळी वसाहत उगवली तर रुग्ण पक्का.

सुरुवातीला लाखामागे सुमारे ६०० कल्चर-पॉझिटिव्ह रुग्ण सापडले. पाच वर्षांनी सुमारे ३००. निम्मे!

टीबीसारखा संथ रोग इतक्या झपाट्यानं खाली येतो कसा? इथे मला शाळेतलं हौदाचं गणित आठवतं. वरून नळ सुरू आहे, खालून पाणी जातंय, तर हौदात पाणी किती? एखाद्या दिवशी गावात जितके रुग्ण आहेत ते हौदातलं पाणी. दरवर्षी नव्यानं आजारी पडणारे म्हणजे वरचा नळ. स्थिती फारशी बदलत नसेल, तर हौदातलं पाणी म्हणजे वर्षाचे नवे रुग्ण गुणिले आजाराची सरासरी मुदत. समजा लाखामागे वर्षाला २०० नवे रुग्ण पडतात आणि प्रत्येक जण तीन वर्षं आजारी राहतो, तर कोणत्याही दिवशी ६०० रुग्ण दिसतील. मुदत दीड वर्षावर आणा, ३०० दिसतील. नळ तसूभरही बंद केलेला नाही! तो पटकन बंद होतही नाही, कारण आज आजारी पडणाऱ्यांपैकी अनेकांना संसर्ग कित्येक वर्षांपूर्वी झालेला असतो.

पण हौदाला खाली दोन तोट्या आहेत, बरं होणं आणि मरणं. कुठलीही उघडली तरी पाणी उतरतं. औषधं नसताना काय होतं ते बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेनं १९६१ ते ६८ या काळात खेड्यांत पाहून ठेवलं आहे. पाच वर्षांत रुग्णांपैकी ४९ टक्के दगावले, १८ टक्के जंतू बाहेर टाकतच राहिले, आणि सुमारे ३३ टक्के आपोआप बरे झाले. (टीबी मुळापासून घालवणाऱ्या काढ्यांचं रहस्य या ३३ टक्क्यांत आहे. हे लोक काढ्याचं गुणगान करायला उरतात. ४९ टक्के तक्रार करायला येत नाहीत.)

तेव्हा पाणी उतरलं एवढ्यानं भागत नाही. कुठल्या तोटीतून गेलं, हे विचारावं लागतं, आणि दुसऱ्या बातमीतली टक्केवारी त्यासाठीच असते. एका वर्षी उपचार सुरू केलेल्यांची तुकडी धरायची आणि प्रत्येकाचं शेवटी काय झालं ते लिहायचं: बरा झाला, औषधं पूर्ण केली, उपचार फसले, मध्येच सुटला, मृत्यू. पद्धत चोख आहे. गोम आहे ती टक्के कशाचे यात.

भारताच्या २०१३ च्या आकडेवारीवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. समाजात टीबीचे १०० रुग्ण धरा. त्यांतले ७२ सरकारी यंत्रणेपर्यंत तपासणीला पोचले. ६० जणांचं निदान झालं. ५३ जणांची उपचारासाठी नोंद झाली. ४५ जणांनी उपचार पूर्ण केले. वर्षभरानंतरही जिवंत आणि रोगमुक्त होते ३९. आता ४५ भागिले ५३ करून बघा. पंच्याऐंशी टक्के! ८५ ही खरे आणि ३९ ही खरे. न पोचलेल्या २८ पैकी काही जण खासगीत बरे झाले असतील, हे मान्य. पण निदान होऊनही जे सात जण नोंदीपर्यंत आले नाहीत, ते यशाच्या टक्केवारीत तोटा म्हणूनसुद्धा दिसत नाहीत. तिरुवल्लूरमध्येही 'बरे झाले' असा शिक्का बसलेल्या ५०३ जणांवर पुढे दीड वर्ष लक्ष ठेवलं, तर ६२ जणांचा टीबी उलटला होता. औषधांतली अनियमितता, धूम्रपान आणि दारू यांचा त्याच्याशी संबंध दिसला.

तिरुवल्लूरची गोष्ट निम्म्यावर येऊन संपत नाही. २००६ ते ०८ च्या चौथ्या पाहणीत घसरण थांबलेली दिसली, उलट आकडा थोडा वरच सरकला होता. कारणं अनेक असू शकतात. माझा कौल हौदाला: मुदत कमी करण्याचा मोठा फायदा एकदाच मिळतो, पुढे नळालाच हात घालावा लागतो.

नळाला हात घालण्याचा एक प्रयोग झारखंडमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्णांच्या घरांतली १०,३४५ माणसं त्यात होती. औषध आणि आहार रुग्णांना सगळीकडेच मिळत होता. फरक एवढाच, की काही घरांत बाकीच्या कुटुंबालाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत संसर्ग पसरवणाऱ्या टीबीचे नवे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले.