जुन्या स्लॉट कार ट्रॅकची सफाई आणि दुरुस्ती

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवरच्या खाचेत जीभ अडकवून धावणारी विजेवरची छोटी मोटार. खाचेच्या दोन्ही कडांना धातूचे रूळ बसवलेले असतात. मोटारीच्या पोटाखाली तांब्याच्या बारीक तारांच्या दोन वेण्या असतात, त्या या रुळांवर घासत जातात आणि तिथून वीज घेतात. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने 1957 साली हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडले आणि तिथून घरगुती स्लॉट रेसिंग लोकप्रिय होत गेले. सुरुवातीचा ट्रॅक रबराचा होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा प्लॅस्टिकच्या ट्रॅकने घेतली आणि पुढे चाळीसेक वर्षे तोच चालला. त्याला आज ‘क्लासिक’ म्हणतात. माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून हाती येतो तो बहुधा हाच, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

ट्रॅक मळकट दिसतो म्हणून तो आधी घासायला घेतला जातो. पण त्याचे खरे दुखणे वरच्या पृष्ठभागावर क्वचितच असते, ते असते ट्रॅकच्या तुकड्यांमधल्या जोडांत. ट्रॅक हे आधी विजेचे मंडल आहे आणि मग रस्ता. आरशासारखे चमकणारे रूळ आणि आत गंजलेले जोड असतील तर मोटार अडखळतच चालणार.

रूळ पोलादी पत्र्याचे असून त्यांवर पातळ मुलामा असतो. दमट हवेत मुलामा जिथे झिजला असेल तिथून तांबूस ठिपके पडू लागतात. शिवाय वेण्या घासताना ठिणग्या उडतात, त्यांची काळी काजळी रुळावर बसते. तिच्यात टायरचे रबर, तेल आणि गालिच्याचे तंतू मिसळले की चिकट थर तयार होतो.

सुरुवात तुकडे वेगळे करण्यापासून करावी. चांगले, ठिपके पडलेले, आणि गंजाने पोखरलेले असे तीन ढीग लावावेत. रूळ बोटाला खडबडीत लागत असेल, पापुद्रे सुटत असतील, तर तो तुकडा जोडांच्या सुट्या भागांसाठी ठेवावा. त्यावर तास घालवण्यात अर्थ नाही. जुने तुकडे उपसताना जोडाचे प्लॅस्टिक तुटते, म्हणून खालची पकड सोडवून दोन्ही तुकडे सपाट ठेवूनच सरळ ओढावेत. वर-खाली वाकवू नयेत.

फारच घाण असेल तरच पाणी वापरावे. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ टूथब्रश, आणि तुकडा बुडवून न ठेवता झटपट धुणे. खरी काळजी नंतरची: रुळांचे कान प्लॅस्टिकमधून खाली दुमडलेले असतात आणि पाणी नेमके तिथे साठते. लगेच पुसून, खाच खाली करून झटकून, केस वाळवायच्या यंत्राच्या थंड किंवा मंद हवेने तो वाळवावा. रात्रभर ओला राहिलेला तुकडा सकाळी खालून तांबडा झालेला असतो. इतर वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले सुती फडके पुरते. फडके काळे येणे थांबेपर्यंत पुसत राहावे. ॲसिटोन मात्र ट्रॅकजवळही आणू नये.

काजळी आणि हलके ठिपके शाईच्या कडक खोडरबराने किंवा मॉडेल रेल्वेचे रूळ घासायच्या रबराने निघतात. न निघाल्यास 1000 नंबरचा वॉटर पेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून रुळाच्या लांबीच्या दिशेने चार-सहा हात मारावेत. 600 च्या खाली जाऊ नये. जाड पेपरने रूळ त्या दिवशी लखलखतो, पण मुलामा निघून उघडे पोलाद राहते आणि पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त गंज चढतो. पोलादी काथ्या (स्टील वूल) तर कधीच वापरू नये: त्याचे तंतू मोटारीतल्या चुंबकांना चिकटतात आणि दोन रुळांमध्ये आडवे पडले तर शॉर्ट सर्किट होते. गंज काळा करणारे ‘कन्व्हर्टर’ही रुळाच्या माथ्यावर नकोत, कारण त्यांच्या थरातून वीज नीट जात नाही. तांब्याची चिकटपट्टी लावून रूळ झाकण्याचा उपाय सुचवला जातो. पण पोटाखाली चुंबक असलेल्या मोटारींना पकड खालच्या पोलादामुळेच मिळते, आणि पट्टीच्या जाडीने ती थोडी कमी होते.

आता जोड. एका तुकड्याच्या रुळाचे पाते दुसऱ्याच्या दुमडलेल्या टोकात शिरते. पाते वॉटर पेपरच्या अरुंद पट्टीने दोन्ही बाजूंनी घासावे. दुमड आतून साफ करण्यासाठी तीच पट्टी दुहेरी घडी करून आत-बाहेर फिरवावी. मग दुमड नोज प्लायरने केसभर दाबावी. पाते आत जाताना बोटाला थोडा अडसर जाणवला पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर जास्त दाबले गेले, आणि असे पाते दोन-तीन जोडणीत वाकते.

तपासणीत एक चूक हमखास होते. मल्टिमीटर नुसताच रुळांना लावला तर खराब जोडापलीकडेही पूर्ण 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळपास वीज घेतच नाही. भार लावूनच मोजावे. दुचाकीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 10 वॉटचा दिवा सुमारे 0.8 अँपिअर घेतो. तो रुळांना जोडून त्याच्या टोकांवर व्होल्टेज पाहावे. समजा 20 तुकड्यांची बंद फेरी आहे आणि प्रत्येक स्पर्शाला 0.1 ओहम रोध आहे. सर्वांत दूरच्या ठिकाणी वीज दोन्ही बाजूंनी पोहोचते. एका बाजूला 10 जोड, प्रत्येकी दोन रूळ, म्हणजे 2 ओहम. दोन्ही बाजू समांतर, म्हणून 1 ओहम, आणि घट 0.8 व्होल्ट. पण वीजजोडणीलगतचाच एक जोड तुटका निघाला, तर त्याच्या लगेच पलीकडच्या जागेला 19 जोडांचा वळसा पडतो: 3.8 ओहम, घट सुमारे 3 व्होल्ट. ‘याच वळणावर गाडी मरते’ ही तक्रार बहुधा अशीच असते, आणि दोष त्या वळणाच्या रुळात नसून शेजारच्या जोडात असतो.

मोठ्या मांडणीत दर 8-10 तुकड्यांमागे जादा तारा द्याव्यात. त्या कंट्रोलरनंतरच्या (कंट्रोलर म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करायचा हातातला खटका), म्हणजे ट्रॅकच्या वीजजोडणीच्या रुळांपासून घ्याव्यात आणि त्याच लेनच्या, म्हणजे त्याच खाचेच्या, डाव्या रुळाला डावा, उजव्याला उजवा अशाच जोडाव्यात. झाळण (सोल्डरिंग) खालच्या कानावर करावे: कान खरवडून, आधी कथील चढवून, सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त न टेकवता. जास्त वेळ टेकवले तर प्लॅस्टिक वितळते आणि रूळ वर येतो.

वर आलेला रूळ लाकडी ठोकळ्याने दाबून खालचे कान पुन्हा घट्ट दुमडावेत. नखाने रुळांचा जोड ओलांडून पाहावा. नख अडकले तर वेणीही अडकेल. वाकलेला तुकडा हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून, खालच्या कानांसह लगेच पुसून कोरडा करून, सपाट फरशीवर वजनाखाली रात्रभर ठेवला तर बराचसा सरळ होतो. पूर्ण होईलच असे नाही. रबरी ट्रॅकला यांतले काहीच लावू नये: सौम्य साबणाचे ओलसर फडके पुरे.

शेवटी विजेचा संपर्क टिकवणाऱ्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन रुळांवरून फिरवावा आणि कोरड्या फडक्याने लगेच टिपावा. ओला दिसेल इतका राहिला की टायर घसरतात आणि धूळ बसते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत ट्रॅक उघड्या फळीवर टिकत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, तुकडे उभे ठेवावेत आणि पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात.