डॉन किहोते : वाचकांचा प्रतिसाद

स्पॅनिश लेखक मीगेल दे सर्व्हांतेस (१५४७–१६१६) याच्या डॉन किहोते या विनोदी कादंबरीला पहिल्या भागापासून (माद्रिद, १६०५) वाचकांकडून व श्रोत्यांकडून मिळालेली दाद, त्यांनी काढलेल्या चुका आणि लेखकाने दुसऱ्या भागात (१६१५) या दोहोंचा करून घेतलेला उपयोग, हा या नोंदीचा विषय होय. कथानक (शिलेदारी अद्भुतकथा वाचून वेडावलेला डॉन किहोते आपला सेवक सांचो पान्सा याच्यासह साहसे शोधत भटकतो) येथे गृहीत धरले आहे.

पहिल्या आवृत्तीवर १६०५ हे साल छापलेले असले, तरी पुस्तकाची किंमत ठरवून देणारा सरकारी दाखला स्पेनमधील वायादोलिद येथील असून त्याची तारीख २० डिसेंबर १६०४ आहे. काही प्रती वर्षअखेरीसच हातोहात गेल्या असाव्यात. याहून जुना उल्लेख लोपे दे व्हेगा या समकालीन नाटककाराच्या १४ ऑगस्ट १६०४ या तारखेच्या पत्रात सापडतो. सर्व्हांतेसइतका वाईट कवी दुसरा नाही आणि डॉन किहोतेची स्तुती करण्याइतका मूर्खही कोणी नाही, असा त्याचा आशय. या व अशा एकदोन उल्लेखांवरून १६०४ ची एखादी लुप्त आवृत्ती असावी, असा तर्क पूर्वी लढवला गेला. तशी एकही प्रत हाती आलेली नाही. त्या काळी हस्तलिखिते मित्रमंडळीत फिरत व बैठकीत वाचून दाखवली जात, हे ध्यानात घेता लोपेने छापील पुस्तक न पाहताच शेरा मारला असणे अधिक संभवनीय वाटते.

१६०५ मध्येच माद्रिदला दुसरी आवृत्ती निघाली; लिस्बन व व्हालेन्सिया येथेही पुस्तक छापले गेले. पुढे ब्रसेल्स (१६०७) व मिलान (१६१०) येथील आवृत्त्या, टॉमस शेल्टनचे इंग्रजी (१६१२) आणि सेझार उदँचे फ्रेंच (१६१४) भाषांतर आले. जून १६०५ मध्ये वायादोलिदच्या उत्सवात एका स्वाराला लोकांनी डॉन किहोते ठरवले, त्याच्यापुढे सांचो पान्साही होता, असे पिन्येइरो दा वेगा या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे. पेरूतील पाउसा या खाणगावी, बहुधा १६०७ मध्ये, नव्या व्हाइसरॉयच्या नेमणुकीनिमित्त झालेल्या सोंगांच्या खेळात किहोते, सांचो, पाद्री, न्हावी आणि राजकन्या मिकोमिकोना अवतरली. पुस्तक न वाचलेल्यांनाही ही पात्रे ओळखू येत होती, हे यातून दिसते.

सामूहिक वाचनाविषयीची माहिती मुख्यतः कादंबरीतूनच मिळते. पहिल्या भागाच्या ३२ व्या प्रकरणात खानावळवाला सांगतो, की सुगीच्या दिवसांत सुट्टीला कापणी करणारे त्याच्याकडे जमतात; त्यांत कोणी ना कोणी वाचता येणारा असतो, आणि तिसाहून अधिक माणसे त्याच्याभोवती कोंडाळे करून बसतात. वाचन अर्थात शिलेदारी अद्भुतकथांचे. तरी प्रत्येकाची आवड न्यारी आहे. मालकाला तलवारीचे घाव आवडतात. त्याच्या बायकोला नवरा ऐकण्यात गुंगला की घरात भांडण होत नाही, एवढेच पुरे. मुलगी विरही वीरांच्या विलापाने रडते. आणि मारितोर्नेस या मोलकरणीला नारिंगीच्या झाडाखालची प्रेमी जोडपी हवी असतात. दुसऱ्या भागाच्या ६६ व्या प्रकरणाचे शीर्षकच ‘वाचणारा काय पाहील किंवा वाचून घेणारा काय ऐकेल’ अशा धाटणीचे आहे. निरक्षर श्रोत्यांनी स्वतःच्या शब्दांत दिलेली दाद मात्र कागदावर क्वचितच उतरली.

दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात सान्सोन कारास्को हा पदवीधर तरुण खुद्द डॉन किहोतेला पहिल्या भागाविषयी लोक काय बोलतात ते ऐकवतो. मुले पुस्तक हाताळतात, तरुण वाचतात, प्रौढांना ते उमगते आणि म्हातारे त्याची वाखाणणी करतात. कोणाला पवनचक्क्यांचा प्रसंग आवडतो, कोणाला पाणचक्कीच्या हातोड्यांचा. तक्रारीही आहेत : मध्येच घुसडलेली ‘अवाजवी जिज्ञासू’ ही कथा अप्रस्तुत आहे, आणि नायकाला बसलेला मार थोडा कमी दाखवला असता तर बरे झाले असते. बारा हजारांवर प्रती छापल्या गेल्याचा त्याचा आकडा शब्दशः घेता येत नाही. त्याने नावे घेतलेल्या शहरांपैकी बार्सिलोना व अँटवर्प येथील तोवरच्या आवृत्त्यांचा पुरावाही नाही.

याच संभाषणातील सांचोच्या गाढवाचा प्रश्न संपादकांना आजवर पुरून उरला आहे. पहिल्या आवृत्तीत २५ व्या प्रकरणाच्या सुमारास गाढव चोरीला गेल्याचे अचानक कळते. चोरी कशी झाली ते कुठेच नाही. आणि पुढे ते काही खुलासा न होता परत हजर होते. काही महिन्यांतच निघालेल्या दुसऱ्या माद्रिद आवृत्तीत २३ व्या प्रकरणात चोरीचा आणि ३० व्या प्रकरणात गाढव परत मिळाल्याचा मजकूर घालण्यात आला. पण पहिला तुकडा चुकीच्या जागी बसल्याने चोरीनंतरही सांचो काही काळ त्याच गाढवावर बसलेला दिसतो! ब्रसेल्सच्या मुद्रकाने १६०७ मध्ये ही विसंगती हाताळली, तर १९ व्या शतकात हार्त्सेनबुश या संपादकाने मजकूर २५ व्या प्रकरणात हलवला. अभ्यासक जेफ्री स्टॅगच्या मते (१९५९) सर्व्हांतेसने मार्सेलाची मेंढपाळी उपकथा मूळ जागेवरून उचलून आधीच्या प्रकरणांत आणली आणि त्या उलथापालथीत गाढव हरवले. ही उपपत्ती पुष्कळांना पटली असून, छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्यांवर सगळा दोष ढकलण्यापेक्षा ती सयुक्तिक आहे. पुरवणी मजकूर सर्व्हांतेसचाच मानण्याकडे कल आहे. अडचण अशी, की चोर कोण ते पुस्तकात सांगितलेच नाही, असे सान्सोन म्हणतो. म्हणजे त्याच्या हाती पहिल्याच आवृत्तीची प्रत असली पाहिजे. पुढच्या प्रकरणात सांचो खुलासा करतो : आपण झोपेत असताना हिनेस दे पासामोंते या कैद्याने (पहिल्या भागात किहोतेनेच त्याला सोडवले होते) खोगिराला चार बाजूंनी टेकू दिले आणि खालून गाढव काढून नेले. मग चुकले कोण? इतिहासकार (म्हणजे ही कथा लिहिणारा) तरी चुकला, नाहीतर मुद्रक, असे सांगून सांचो मोकळा होतो.

१६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी दुसरा भाग परस्पर काढला. लेखकाची ओळख अनिर्णित आहे. सर्व्हांतेसने उत्तरही वाचकांकरवीच दिले. ५९ व्या प्रकरणात शेजारच्या खोलीतील दोन गृहस्थ ते पुस्तक वाचत असल्याचे डॉन किहोतेच्या कानी पडते, आणि त्यात नायकाला सारागोसाला नेलेले असल्याने, ते खोटे पाडण्यासाठी तो तिकडे जाण्याचा बेत सोडून बार्सिलोनाची वाट धरतो. किहोतेला पाहुणा म्हणून ठेवून घेणाऱ्या ड्यूक आणि डचेस यांनी मांडलेली त्याची थट्टा तर पहिला भाग वाचलेल्यांनीच योजलेली आहे.

समकालीनांना पुस्तक हसवणारे वाटले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. नदीकाठी पुस्तक वाचून खदखदा हसणारा विद्यार्थी पाहून स्पेनचा राजा तिसरा फिलिप म्हणाला, की हा वेडा तरी असावा किंवा डॉन किहोते वाचत असावा. ही आख्यायिका उत्तरकालीन आहे, पण लोकमताशी जुळते. गंभीर वाचन जर्मन स्वच्छंदतावाद्यांपासून बळावले. बालपणी पुस्तक वाचताना आपण रडलो, असे जर्मन कवी हाइनेने १८३७ मध्ये लिहिले. रशियन लेखक तुर्गेन्येव्हने १८६० मध्ये किहोतेला हॅम्लेटसमोर आदर्शवादी म्हणून उभे केले, तर स्पॅनिश विचारवंत उनामुनोने १९०५ मध्ये त्याला जवळपास संतपद दिले. याला पी. ई. रसेल (१९६९) आणि अँथनी क्लोज (१९७८) या अभ्यासकांनी हरकत घेतली : मूळ वाचकांचे हसू बाजूला सारून केलेला अर्थ हा नंतरच्या काळाचा अर्थ आहे. त्यांची बाजू पुराव्याच्या दृष्टीने भक्कम असली, तरी मार कमी हवा होता असे म्हणणारे वाचक पहिल्या दशकातही सर्व्हांतेसला कल्पिता आले, याचा विचार तीत पुरेसा नाही. पुस्तकातील क्रौर्यावर हार्वर्ड येथील व्याख्यानांत (१९५२) सर्वांत कडक बोट ठेवले ते कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्हने.