हरवलेल्या तासांचा आजार

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजेच डीआयडी, हा एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तित्वे आलटून पालटून वावरण्याचा विकार असलेली व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते तेव्हा ‘माझ्या आत अनेक माणसे राहतात’ असे सांगत बहुधा जात नाही. तिची तक्रार नैराश्याची असते, न थांबणाऱ्या डोकेदुखीची असते किंवा झोप उडाल्याची असते. घाई न करता विचारत गेले की हळूहळू बाकीचे बाहेर येते : आपण कधी विकत घेतले ते न आठवणारे कपडे कपाटात सापडतात, वहीत आपल्या अक्षराशी न जुळणाऱ्या अक्षरातली टिपणे दिसतात, आणि दुपारी स्वयंपाकघरात असलेल्या तिला संध्याकाळी बसस्थानकावर उभी असताना भान येते, पण मधले चार तास कोठे गेले ते काही केल्या सांगता येत नाही.

चित्रपटांत क्षणात आवाज बदलतो, नजर बदलते आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात मात्र इतका उघड बदल थोड्याच रुग्णांमध्ये दिसतो. बहुतेकांची धडपड तो लपवण्याचीच असते. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या निदान-निकषांनुसार दोन किंवा अधिक भिन्न व्यक्तित्व-अवस्था असणे पुरेसे नाही. रोजच्या घटना, स्वतःविषयीची महत्त्वाची माहिती किंवा आघाताचे प्रसंग यांच्या आठवणीत वारंवार खिंडारे पडावी लागतात, त्यामुळे जगणे अवघड व्हावे लागते आणि मद्य, औषधे किंवा अपस्मार यांनी या लक्षणांचा उलगडा होता कामा नये.

येथे एक जुना गोंधळ दूर करायला हवा. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आपल्याकडे स्किझोफ्रेनियासाठी सर्रास वापरला जातो. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या त्या नावाचा शब्दार्थ ‘दुभंगलेले मन’ असा होत असल्यामुळे हे घडले. पण त्यांना विचार आणि भावना यांच्यातला ताळमेळ तुटणे अभिप्रेत होते. स्किझोफ्रेनियात भास आणि भ्रम प्रमुख असतात, व्यक्तित्वे बदलत नाहीत. आवाज ऐकू येण्याचे लक्षण दोन्हींत आढळते आणि डीआयडीच्या अनेक रुग्णांवर वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होण्यामागे हे एक कारण आहे.

डिसोसिएशन म्हणजे विच्छेदन, अर्थात अनुभव, स्मृती आणि ‘हे माझे आहे’ ही जाणीव यांची जोडणी सुटणे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर झाने यांनी १८८९ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवत घरी पोचावे आणि वाटेतला एकही सिग्नल आठवू नये, हा त्याचा निरुपद्रवी अवतार आपण सारेच अनुभवतो. विकाराची मुळे मात्र बालपणात शोधली जातात. अखंड ‘मी’ घेऊन कोणी जन्माला येत नाही. भुकेलेले, चिडलेले, हसणारे, घाबरलेले असे मुलाचे सुटे सुटे अनुभव सांभाळणाऱ्या माणसाच्या स्थिर सहवासात हळूहळू एका सूत्रात ओवले जातात. ज्याने जवळ घ्यायचे त्याच्याकडूनच छळ होत असेल, तर हे सूत्र जुळतच नाही. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील सुमारे ९० टक्के रुग्णांच्या बाबतीत बालपणातील अत्याचार किंवा हेळसांड यांची नोंद आहे. या विकारात अडचण एकाहून अधिक व्यक्तिमत्त्वे असण्याची नसून एकही धड नसण्याची आहे, असे डेव्हिड स्पीगल हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात. याच दृष्टीने १९९४ मध्ये ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे जुने नाव बदलण्यात आले.

हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत या निदानांचा पूर आला. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांच्यासारख्या टीकाकारांनी त्याचे खापर उपचारकांच्या सूचक प्रश्नांवर, संमोहनाच्या गैरवापरावर आणि प्रसारमाध्यमांनी पुरवलेल्या नमुन्यांवर फोडले. ही टीका पोकळ नव्हती. संमोहनाखाली खोट्या आठवणी तयार होऊ शकतात हे खरेच आहे. नेदरलँड्समध्ये राफाएल हुंट्येन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत एका अवस्थेत शिकलेली माहिती दुसऱ्या अवस्थेत पोचलेली आढळली, जरी रुग्णाला ती आठवत नसल्याचे ठामपणे वाटत होते. यावरून रुग्ण नाटक करतो असे म्हणणे मला घाईचे वाटते. आठवण मेंदूत आहे पण ती ‘आपली’ वाटत नाही, असाही या निष्कर्षाचा अर्थ लागतो. शिवाय संशोधक सिमोन राइंडर्स यांच्या २०१२ मधील अभ्यासात कल्पनाशक्ती तीव्र असलेल्या निरोगी व्यक्तींना असेच व्यक्तित्व वठवायला सांगितले, तेव्हा आघाताची हकिकत ऐकताना रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाहात आणि हृदयाच्या ठोक्यांत जे बदल दिसले होते, ते त्यांना साधले नाहीत.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वेशात येतो. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी १९८१ मध्येच बहुव्यक्तित्व आणि ‘अंगात येणे’ यांची तुलना केली होती. जत्रेत किंवा गोंधळात, परंपरेने ठरलेल्या वेळी कोणाच्या अंगात देवी येते आणि आरतीनंतर ती व्यक्ती शांतपणे घरी जाते, त्याला आजार म्हणण्याचे कारण नाही. तो संचार नको असताना, वेळीअवेळी होत असेल, त्याने संसार विस्कटत असेल आणि नंतर काहीच आठवत नसेल, तर गोष्ट निराळी. २०१३ च्या निकषांत अशा ‘बाधे’चा उल्लेख स्पष्टपणे आला. आपल्याकडे अशी व्यक्ती, बहुधा एखादी सून, आधी देवऋषीपुढे नेली जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. छळातून जन्मलेल्या लक्षणांवर पुन्हा छळाचाच इलाज होतो, यातला क्रूरपणा वेगळा सांगायला नको.

या विकारावर खास असे औषध नाही. नैराश्य किंवा चिंता यांसाठी गोळ्या दिल्या जातात. मुख्य भर दीर्घकालीन मानसोपचारावर असतो आणि तो तीन टप्प्यांत चालतो. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आघाताच्या आठवणींना सावकाश सामोरे जाणे आणि शेवटी विखुरलेल्या अवस्थांची सांगड. या रुग्णांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण फार मोठे असल्यामुळे पहिला टप्पाच कधी कधी कित्येक महिने चालतो. त्यात दैनंदिनी ठेवण्यासारखी साधी कामे असतात : प्रत्येक अवस्थेने त्याच वहीत लिहायचे आणि कोणीही दुसऱ्याचे पान फाडायचे नाही. सगळ्या अवस्था एकजीव व्हाव्यात असे प्रत्येक रुग्णाला वाटतेच असे नाही. काहींना त्यांच्यात बोलणे सुरू झाले आणि दुपार ते संध्याकाळ यांमधले तास परत मिळाले, तरी पुरेसे वाटते.