सार्वजनिक जागांवरील चित्रीकरण, नागपूर

नागपूर शहरातील रस्ते, उद्याने, तलाव, बाजार, सभागृहे आणि शासकीय आवारे यांत चित्रपट, मालिका, जाहिरात किंवा माहितीपट यांचे चित्रीकरण करण्यासाठी लागणारी संमती व तिच्या अटी यांची व्यवस्था. महापालिकेची संमती जागेच्या वापरापुरती असते. पटकथेशी तिचा संबंध नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ हा चित्रपटाचे प्रमाणन व प्रदर्शन यांविषयीचा आहे. कॅमेरा कुठे लावावा, हा त्याचा विषय नव्हे.

कायदेशीर आधार : नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका २ मार्च १९५१ पासूनची. तिचा कारभार दीर्घकाळ नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, १९४८ या स्वतंत्र कायद्याने चालला. २०११-१२ च्या सुमारास हा कायदा निरसित होऊन शहर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कक्षेत आले. या अधिनियमात चित्रीकरण परवानगीचे असे वेगळे कलम नाही. त्यामुळे परवानगीचा अधिकार नेमका कोठून येतो, याची उत्तरे दोन प्रकारे दिली जातात.

पहिल्या मतानुसार हा रस्त्यावरील अडथळ्याच्या नियमनाचा भाग होय. सार्वजनिक रस्त्यावर बांधकाम करण्यास किंवा वस्तू ठेवण्यास अधिनियमाची मनाई आहे. सणासुदीला तात्पुरते मंडप घालू देण्याचा अधिकार मात्र कलम २३४ ने आयुक्तांना दिला आहे. चित्रीकरणाचा सेट या मंडपाच्याच पंक्तीत बसवला जातो. ही मांडणी रस्त्यापुरती चालते. उद्यान किंवा सभागृह यांना लावताना ती ओढूनताणून लावावी लागते, आणि चित्रीकरण म्हणजे काही सण नव्हे.

दुसऱ्या मतानुसार महापालिका येथे जमीनमालक म्हणून वागते आणि निर्मात्याला देते ती भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधील अनुज्ञप्ती (लायसन्स). हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा अधिनियम मुळात मद्रास, मध्य प्रांत (नागपूर तेव्हा यातच होते) व कूर्ग येथेच लागू झाला. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये पोहोचला. म्हणजे ज्या कलमावर आज मुंबईतील चित्रीकरणेही उभी आहेत, ते नागपुरात नऊ वर्षे आधी आले होते. व्यवहारात या मताचे परिणाम बरेच होतात. अनुज्ञप्तीने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, ती सर्वसाधारणपणे दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि देणाऱ्याला ती मागे घेता येते. कलम ६० नुसार, अनुज्ञप्तीवर विसंबून खर्चाने कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर ती मागे घेता येत नाही. पण प्लायवूड व बांबूचा सेट कायम स्वरूपाचा ठरणे अवघडच. उलट शुल्क भरलेल्या निर्मात्याला त्याचा दोष नसताना मुदतीआधी उठवले, तर कलम ६४ खाली तो भरपाई मागू शकतो. परवानगीपत्रात ‘कोणत्याही क्षणी रद्द करण्याचा अधिकार राखून’ अशा आशयाची ओळ घालून कार्यालये या दाव्यापासून आपला बचाव करू पाहतात. ती ओळ न्यायालयात कितपत टिकेल, हे त्या त्या प्रकरणावर अवलंबून राहील.

जागेची मालकी : अर्ज कोणाकडे करायचा, हे नागपुरात जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. महापालिकेची दहा झोन कार्यालये असली, तरी शहरातील प्रत्येक सार्वजनिक जागा तिची नाही. १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाकडे (नासुप्र) अनेक अभिन्यास (ले-आउट), उद्याने व मोकळी मैदाने आहेत. प्रन्यासाचे अस्तित्व आणि अधिकार यांबाबत शासनाची भूमिका २०१६ नंतर बदलत राहिल्याने काही जागांच्या हस्तांतराचा घोळही झाला. फुटाळा तलावाच्या काठी कारंज्याचा प्रकल्प नासुप्रचा, तर प्रेक्षक दीर्घा मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोने उभारलेली. कस्तुरचंद पार्कसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. ते प्रथम श्रेणीचे वारसास्थळ असल्याने खोदणे, खांब रोवणे यांत वारसा संवर्धन समितीचा संबंध येतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि नागरिकांनाही तो वर्षातील मोजक्याच दिवशी खुला होतो. रेल्वेचे तर आणखी वेगळे : नागपूर जंक्शन मध्य रेल्वेचे आणि इतवारी स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. दोन्ही रेल्वेंचा ‘नागपूर विभाग’ असल्याने अर्ज चुकीच्या कार्यालयात जाण्यास पुरेपूर वाव आहे.

कार्यपद्धती : अर्जात तारखा, वेळा, माणसे, वाहने, जनरेटर व सेट यांचा तपशील मागितला जातो. फाईल संबंधित खात्यांच्या अभिप्रायासाठी फिरते. त्यानंतर शुल्क व अनामत रक्कम भरून पावती घ्यावी लागते. उद्यानात खरा वाद उद्भवतो तो जनरेटर व्हॅनमुळे. ती हिरवळीवर चढली की चाकोऱ्या उमटतात, पाण्याच्या नळ्या फुटतात आणि अनामत अडकते. म्हणून जाणते प्रॉडक्शन मॅनेजर व्हॅन फाटकाबाहेर ठेवून केबल आत ओढतात. चौकटीत आडवी येणारी फांदी परस्पर छाटता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खालील वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते.

रस्ता अडवायचा असेल, तर महापालिकेचा कागद पुरत नाही. वाहतूक व सार्वजनिक सुव्यवस्थेचे नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ ने पोलीस आयुक्तांकडे आहे, आणि बंदोबस्तही तेच देतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवन व सिव्हिल लाइन्सच्या परिसरात तो मिळण्याची आशा न धरलेली बरी. ध्वनिक्षेपकावर रात्री १० ते सकाळी ६ निर्बंध आहेत. बालकलाकार असल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते व त्याच्याकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. ड्रोनचा प्रश्न या शहरात अधिकच नाजूक आहे. सोनेगाव येथील विमानतळ शहराला लागून आहे आणि वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचे (मेंटेनन्स कमांड) मुख्यालयही येथेच आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंतच्या पट्ट्यात केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नसल्याने दक्षिण व पश्चिम नागपूरचा बराच भाग एरवी आकाशातून टिपता येत नाही.

राज्यस्तरीय यंत्रणा : महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत चालणारी चित्रीकरण परवानग्यांची एक खिडकी योजना प्रथम मुंबई व परिसर डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली. नागपुरात ‘झुंड’ (२०२२) सारखी मोठी चित्रीकरणे झाली असली, तरी येथील बहुतेक अर्ज लघुपट, जाहिराती, गाण्यांचे व्हिडिओ आणि लग्नापूर्वीची छायाचित्रे यांचे. मोबाईलवर रील काढणारे या व्यवस्थेच्या बाहेरच राहतात. तिपाई, दिवे किंवा गर्दी दिसेपर्यंत त्यांना सहसा कोणी हटकत नाही. मेट्रो स्थानके, लष्करी हद्द आणि विमानतळ परिसर हे याला अपवाद होत.