‘द रीडर’मधला खटला आणि ‘गेहिल्फ’ हा शब्द

न्यायाधीश कागद आणि पेन पुढे करायला सांगतात. कैदी बायकांना कोंडलेल्या चर्चला आग लागली, त्यानंतरचा अहवाल कोणी लिहिला, हे हस्ताक्षरावरून ठरवायचं असतं. छावणीतली माजी पहारेकरीण हान्ना त्या कोऱ्या कागदाकडे बघते आणि म्हणते, मीच लिहिला. तिला जन्मठेप होते. शेजारच्या बाकावरच्या बाकीच्या बायका चार-सव्वाचार वर्षांवर सुटतात. त्याही त्याच बाहेरून बंद केलेल्या दारापाशी होत्या.

२००८ च्या या चित्रपटावरची बहुतेक चर्चा हान्नाच्या निरक्षरतेपाशी येऊन थांबते. पण एका अहवालाने शिक्षेत एवढी तफावत का पडावी? त्याचं उत्तर पटकथेत नाही, पश्चिम जर्मनीच्या दंडसंहितेत आहे. ते माहीत नसेल तर निकालाचा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो. तो तसा नाही. त्या काळातली न्यायालयं नेमकी याच पद्धतीने चालत होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पडद्यावरचा खटला कोणत्याही एका खऱ्या खटल्याची नक्कल नाही. साल १९६६ च्या आसपासचं, म्हणजे वातावरण फ्रँकफर्टला चाललेल्या आउशविट्झ छावणीच्या खटल्याचं आहे. पण फ्रँकफर्टला आरोपींमध्ये एकही स्त्री नव्हती. पहारेकरी बायका मोठ्या संख्येने पश्चिम जर्मन न्यायालयासमोर दिसल्या त्या डसेलडॉर्फला चाललेल्या मायडानेक छावणीच्या खटल्यात, आणि तो सुरू झाला १९७५ मध्ये. कथेने एकाचा काळ घेतला आणि दुसऱ्याचे आरोपी.

या बायकांचं कागदोपत्री स्थानही विचित्र होतं. एसएस ही नाझींची निमलष्करी संघटना, फक्त पुरुषांची. छावण्यांमधल्या पहारेकरी बायका तिच्या सदस्य कधीच नव्हत्या. त्यांची नोंद ‘गेफोल्ग’ म्हणून होई, म्हणजे एसएसचा लवाजमा. एकूण साडेतीन हजारांच्या आसपास बायकांनी हे काम केलं. भरती वर्तमानपत्रातल्या जाहिराती, रोजगार कार्यालयं आणि कारखाने यांतून होई. प्रशिक्षण बर्लिनच्या उत्तरेला राव्हेन्सब्रुकच्या छावणीत. पगार, गणवेश, राहायला जागा. सीमेन्समध्ये काम करत होते, तिथे कळलं की भरती चालू आहे, असं हान्ना कोर्टात अगदी साधेपणाने सांगते, त्यात अतिशयोक्ती काहीच नाही.

युद्धानंतर लगेच दोस्तराष्ट्रांनी चालवलेले खटले वेगळ्याच कायद्याखाली झाले. ल्युनेबुर्ग आणि हॅम्बुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी काही पहारेकरी बायकांना फाशीही दिली. पुढची दहा वर्षं पश्चिम जर्मनीत जवळजवळ सामसूम होती. ती मोडली १९५८ मध्ये, म्हणजे चित्रपटाचा नायक, तेव्हाचा शाळकरी मुलगा, हान्नाला पहिल्यांदा भेटतो त्याच वर्षी. निमित्तही किती क्षुल्लक! लिथुआनियाच्या सीमेवरच्या कत्तलीत सामील असलेला एक माजी पोलीसप्रमुख सरकारी नोकरी परत मिळावी म्हणून स्वतःच कोर्टात गेला आणि ओळखला गेला. उल्मला दहा जणांवर खटला चालला, ५,५०२ माणसांच्या हत्येचा. दहाही जण दोषी ठरले, शिक्षा तीन ते पंधरा वर्षं. त्यांतला एकही ‘खुनी’ ठरला नाही. सगळे ‘गेहिल्फ’.

हा शब्द मराठीत आणताना माझी बरीच अडचण झाली. ‘साथीदार’ म्हणावं तर त्यात बरोबरी आहे. ‘हस्तक’ जवळचा, पण त्यात कारस्थानाचा वास. ‘मदतनीस’ शब्दशः बरोबर, आणि हजारो माणसांच्या हत्येसमोर तो शब्द उच्चारवत नाही. जर्मन कायद्यात ‘टेटर’ म्हणजे गुन्हा ज्याचा, तो. ‘गेहिल्फ’ म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याला ज्याने हात लावला, तो. खून ‘टेटर’च्या नावावर लागला तर जन्मठेपच, ‘गेहिल्फ’ला काही वर्षं कैद पुरते. जुन्या (२०२४ पर्यंतच्या) भारतीय दंडसंहितेच्या ३४ कलमातल्या ‘समान उद्देशा’ची ज्यांना सवय आहे, त्यांना हे नीट समजायला वेळ लागेल. आपल्याकडे समान उद्देशाने चौघांनी मिळून केलेलं कृत्य प्रत्येकाचं धरलं जातं.

मग गुन्हा कोणाचा, हे ठरवायचं कसं? गोळी ज्याने झाडली त्याचा, असं आपण म्हणू. जर्मन न्यायालयांनी तसं म्हटलं नाही, आणि याला कारण आहे १९४० चा एक निकाल. एका अविवाहित स्त्रीला मूल झालं. तिच्या बहिणीने, बाळंतिणीच्या इच्छेवरून, ते नवजात बाळ टबातल्या पाण्यात बुडवलं. खुनी ठरली तर फाशी अटळ. त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला वाचवायची वाट काढली: कृत्य तिच्या हातून झालं, पण तिला ते ‘स्वतःचं’ म्हणून हवं नव्हतं, सबब ती गेहिल्फ. एका बाईचा जीव वाचवायला काढलेली ही वाट पुढे फार रुंद झाली.

१९६२ चा निकाल हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत घातक निकाल. गंमत म्हणजे त्याचा नाझींशी संबंधच नव्हता. सोव्हिएत गुप्तहेर खात्याच्या एका माणसाने म्युनिकमध्ये १९५७ आणि १९५९ मध्ये दोन युक्रेनियन निर्वासित नेत्यांना विषारी वायूच्या पिस्तुलाने मारलं होतं. बर्लिनची भिंत उभी राहायच्या आदल्या दिवशी तो पश्चिमेकडे आला आणि शरण गेला. दोन्ही खून त्याने एकट्याने, स्वतःच्या हाताने केले होते. तरीही कार्ल्सरूहच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला गेहिल्फ ठरवून आठ वर्षं दिली. खरे टेटर मॉस्कोत बसलेले, हा फक्त त्यांची इच्छा पार पाडणारा. शीतयुद्धाच्या ऐन भरात या निकालाची राजकीय सोय काय होती, हे उघड आहे. पण तोच तर्क लगेच छावण्यांना लागू होत गेला. खरे खुनी तिघे-चौघे, हिटलर, हिमलर, हायड्रिश, तेही मेलेले. उरलेले सगळे त्यांची इच्छा पार पाडणारे. यातून निसटायचं नाही असा आरोपी एकच: ज्याने हुकुमापलीकडे जाऊन स्वतःहून काही केलं, पुढाकार घेतला, इतरांना आदेश दिले.

आता तो अहवाल पुन्हा बघा. बाकीच्या बायका कोर्टात काय सांगतात? प्रमुख हीच होती, अहवाल हिनेच लिहिला. त्या हान्नावर दार न उघडल्याचा आरोप ढकलत नाहीत, दार तर कोणीच उघडलं नव्हतं. त्या तिला टेटर करतात, म्हणजे आपोआप स्वतः गेहिल्फ राहतात. त्यांच्या वकिलांना हा हिशेब पक्का ठाऊक असणार.

फ्रँकफर्टला हाच हिशेब खऱ्या माणसांवर मांडला गेला. डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५. निकालाच्या दिवशी २० आरोपी; सहा जणांना जन्मठेप, तिघे निर्दोष. दोषी ठरलेल्या सतरांपैकी दहा गेहिल्फ, आणि त्यांत छावणीच्या कमांडंटचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे त्याचा निकटचा सहायक अधिकारीसुद्धा, १४ वर्षं. हा खटला ज्यांच्या आग्रहामुळे उभा राहिला त्या हेसे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांचं म्हणणं वेगळं होतं: आउशविट्झ ही एकच सलग हत्या आहे, तिथे काय चाललंय हे जाणून ज्याने ते यंत्र चालतं ठेवलं, तो त्या हत्येत सामील. न्यायालयाने ते मानलं नाही. प्रत्येकाचं वेगळं कृत्य, वेगळा साक्षीदार, वेगळा दिवस हवा. फेब्रुवारी १९६९ मध्ये कार्ल्सरूहनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्याआधी, १ ऑक्टोबर १९६८ ला, किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याला जोडून एक तांत्रिक दुरुस्ती अमलात आली होती. संसदेत ती बिनबोभाट मंजूर झाली. ज्या गेहिल्फचा स्वतःचा ‘नीच हेतू’ सिद्ध होत नाही त्याला कमी शिक्षा, एवढंच. पण कमाल शिक्षा उतरली की खटल्याची मुदतही उतरते. असे गुन्हे १९६० मध्येच मुदतबाह्य झाले होते, असा त्याचा अर्थ निघाला. टेबलामागे बसून हुकूम पुढे पाठवणारे बर्लिनचे अधिकारी सुटले. खुनाची मुदत १९६५ आणि १९६९ मध्ये वाढवावी लागली, शेवटी ३ जुलै १९७९ ला २५५ विरुद्ध २२२ मतांनी ती कायमची गेली. मुदतीवरच्या त्या गाजलेल्या चर्चांपेक्षा या न गाजलेल्या दुरुस्तीकडे अधिक लक्ष द्यायला हवं.

डसेलडॉर्फचा खटला साडेपाच वर्षं चालला, ४७४ दिवस सुनावणी. जन्मठेप एकच, एका पहारेकरी बाईला. तिला १९७३ मध्ये अमेरिकेतून आणलं होतं. एक प्रसंग मला विसरता येत नाही. छावणीतून वाचलेली एक स्त्री साक्ष देत होती. विषारी वायूचे डबे वाहून न्यायला आपल्याला भाग पाडलं, असं तिने सांगितलं. बचावपक्षाचा वकील उठला आणि हत्येला साहाय्य केल्याबद्दल तिलाच अटक करा, अशी मागणी केली. गेहिल्फ हा शब्द त्या दिवशी तिथवर पोचला.

‘द रीडर’वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की आपली सहानुभूती पहारेकरणीकडे वळते आणि आगीतून वाचलेल्या मायलेकी कडेला राहतात. आक्षेप खरा आहे, आणि मला तो सुटत नाही. पण त्या काळच्या कोर्टातही साक्षीदार असेच कडेला होते.

पुढे १९७५ च्या नव्या संहितेत, जो स्वतः गुन्हा करतो तो टेटर, असं सरळ लिहिलं गेलं. छावण्यांच्या बाबतीत मात्र फरक पडला २०११ मध्ये. सोबिबोर छावणीचा एक पहारेकरी म्युनिकला २८,०६० हत्यांचा गेहिल्फ म्हणून पाच वर्षांना गेला, स्वतंत्र कृत्याच्या पुराव्याशिवाय. अपिलाचा निकाल लागायच्या आत तो वारला. २०१५ मध्ये ल्युनेबुर्गला आउशविट्झमध्ये कैद्यांचे पैसे मोजणारा माणूस दोषी ठरला आणि २०१६ मध्ये कार्ल्सरूहने तो निकाल कायम ठेवला. फ्रँकफर्टच्या त्या सरकारी वकिलांचं म्हणणं मान्य व्हायला पन्नास वर्षं लागली.

आणि २०२२ च्या डिसेंबरात इट्झेहोला एक ९७ वर्षांची बाई, स्टुटहोफ छावणीच्या कमांडंटची टंकलेखिका. तिथे असताना वय अठरा-एकोणीस, म्हणून खटला बालन्यायाच्या तरतुदींखाली. दहा हजारांहून अधिक हत्यांना साहाय्य, दोन वर्षांची स्थगित कैद. ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल कायम झाला. निकालाआधी न्यायाधीश पोलंडला, स्टुटहोफला जाऊन आले. तिच्या कचेरीतून छावणीचं काय काय दिसत होतं, हे त्यांना स्वतः उभं राहून पाहायचं होतं.